मोटरहोमच्या टायरात मणी घालावेत का? इंदूरमधील वापरानंतरचे परीक्षण

रिमच्या कडेला शिशाची वजने ठोकण्याऐवजी टायरच्या पोकळीतच बारीक मणी किंवा भुकटी सोडून चाक समतोल करण्याची पद्धत अमेरिका आणि कॅनडातील मालमोटारचालकांत व मोटरहोमधारकांत (राहण्याची सोय असलेल्या गाड्यांच्या मालकांत) चांगलीच रुळलेली आहे. आपल्याकडे असे मणी ऑनलाइन दुकानांतून मागवता येतात आणि मोटरहोम बांधून घेणाऱ्यांत त्यांच्याविषयी कुतूहलही दिसते. आमची मोटरहोम म्हणजे येथून जवळच पीथमपूरला तयार होणाऱ्या फोर्स ट्रॅव्हलर या मिनीबसवर बांधून घेतलेली, मागे जोडचाके असलेली गाडी. तिला ट्यूबलेस टायर आहेत. या गाडीच्या सर्व चाकांत सिरॅमिकचे मणी घालून इंदूर ते धुळे, महेश्वर, मांडू अशा नेहमीच्या रस्त्यांवर ती पुरेशी चालवल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. माल खोटा नाही, त्यामागचे तत्त्वही खोटे नाही. परंतु ज्या वेगाने आणि ज्या प्रकारे आपण मोटरहोम चालवतो त्याला तो जुळत नाही. पुढच्या चाकांत तर तो घालूच नये, असे माझे मत झाले आहे.

मण्यांकडे वळण्याचे कारण बहुतेकांच्या बाबतीत एकच असते. शहरातील मोटारींच्या बॅलन्सिंगच्या दुकानांत ही चाके घेतच नाहीत. रिमचे मधले भोक मोठे असते, मशीनचा शंकू त्यात नीट बसत नाही, आणि जोडचाकांचा रिम एका बाजूला खोल असल्यामुळे मोजमापाचा दांडा योग्य जागी पोहोचत नाही. ज्या दुकानदाराकडे चाकाच्या बोल्टच्या भोकांतून पकडणारी चकती असते, तोच हे काम नीट करू शकतो. विजयनगर किंवा पलासिया परिसरातील चकचकीत दुकानांत मला ती कोठे आढळली नाही; देवास नाक्याकडच्या, मालमोटारींची कामे करणाऱ्या एका दुकानात मात्र ती भिंतीला टांगलेली होती. अशा दुकानाचा शोध घेण्याचा कंटाळा आला की ‘आत मणी टाका आणि विसरून जा’ हे वाक्य फार आकर्षक वाटू लागते. विक्रेतेही नेमके हेच सांगतात: वजने पडत नाहीत, टायर झिजला तरी समतोल आपोआप राहतो, पुन्हा दुकानात जावे लागत नाही.

हे कसे घडते, ते थोडे आकड्यांत पाहिले पाहिजे, कारण खरेदीचा सगळा निर्णय त्यावर अवलंबून आहे. आमच्या चाकाची त्रिज्या सुमारे ३५ सेंटीमीटर आहे. टायरच्या धावपट्टीवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागावर, एका जागी ६० ग्रॅम वजन जास्त आहे असे धरले, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला ते चाकाला सुमारे ८५ न्यूटनने, म्हणजे साधारण साडेआठ किलोच्या ओढीने, प्रत्येक फेऱ्यात एकदा चहूबाजूंनी खेचत असते. वेग निम्मा केला की ही ओढ एक चतुर्थांश होते, म्हणून ४० च्या वेगाला तीच गाडी शांत वाटते. ८० ला चाक सेकंदाला साधारण दहा फेरे घेते आणि आतला प्रत्येक मणी स्वतःच्या वजनाच्या सुमारे १४० पट जोराने टायरच्या आतल्या पृष्ठभागावर दाबला जातो. तरीही तो कोठे चिकटलेला नसतो. चाक थरथरले की त्या थरथरीच्या जोरावर मणी परिघाच्या दिशेने हळूहळू सरकतात. मणी रिमऐवजी धावपट्टीच्या लगत असल्यामुळे त्यांचे थोडे वजनही रिमवरच्या दीडपटीहून अधिक वजनाचे काम करते. इथवर जाहिरातीत सांगितलेले सर्व बरोबर आहे.

जाहिरातीत जे येत नाही ते असे की मणी हलक्या बाजूला जातील की जड बाजूला, हे चाकाच्या वेगावर ठरते. स्प्रिंगवर टांगलेल्या कोणत्याही वस्तूला तिची स्वतःची डोलण्याची गती असते. त्या गतीपेक्षा हळू हलवले तर वस्तू ओढीच्या बाजूलाच झुकते. त्या गतीच्या बरीच वर गेल्यावर मात्र ती ओढीच्या उलट बाजूला राहते आणि चाक जड बाजूकडे सरकलेल्या आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरू पाहते. मणी नेहमी फिरण्याच्या मध्यापासून सर्वांत दूर असलेल्या जागी धावतात. म्हणून ही सीमा ओलांडल्यावर ते हलक्या बाजूला जमून समतोल साधतात आणि सीमेच्या खाली असताना जड बाजूलाच गोळा होऊन थरथर वाढवू शकतात. टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये धुरा व चाके वरखाली उसळण्याची गती रस्त्यावरील वाहनांत साधारणपणे सेकंदाला १० ते १५ वेळा असते. आमच्या चाकाच्या मापाने याचा अर्थ ताशी ८० ते १२० किलोमीटर असा होतो. अमेरिकेतील महामार्गावर तासन्‌तास शंभरच्या वर चालणाऱ्या गाडीला मण्यांचा गुण येणे समजण्यासारखे आहे. आपली मोटरहोम ५५ ते ७५ च्या दरम्यान चालते, आणि भाड्याने देण्यासाठी व्यावसायिक नोंदणी केलेल्या गाडीला तर ८० चा वेगमर्यादक लावलेला असतो. म्हणजे जेथे मणी उपयोगी पडू लागतात, त्याच्या अलीकडेच आपला बहुतेक प्रवास संपतो.

पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटर लांबीचा वेगचाचणीचा मार्ग आहे. या मण्यांची परीक्षा तेथे घेतली असती तर त्यांना उत्तम गुण मिळाले असते, यात मला शंका नाही. आमच्या वाट्याला मात्र ए.बी. रोड, मानपूरचा उतार आणि सेंधव्यापुढचा बिजासन घाट आला.

मणी बसवण्याच्या कामाविषयी तक्रार नाही. दुकानाचे नाव येथे देत नाही. परंतु काम करणाऱ्या मिस्त्रींनी पाकिटावरच्या सूचना आधी पूर्ण ऐकून घेतल्या आणि मगच हत्यार उचलले, हे मला विशेष वाटले. मणी खसखशीएवढे असतात. ते दोन प्रकारे आत जातात: टायरची एक कड रिमवरून उतरवून सरळ ओतायचे, किंवा व्हॉल्व्हची पिन काढून नळीवाटे थोडे थोडे सोडायचे. दुसऱ्या प्रकारात टायर उतरवावा लागत नाही, पण नळी सतत थरथरवावी लागते, मणी मध्येच अडकतात आणि एका चाकात मिस्त्रींचा संयम संपतो. आमच्या बाबतीत दुसऱ्या चाकापासून टायर उतरवूनच काम झाले. किती मणी घालायचे ते टायरच्या मापाच्या तक्त्यावरून ठरते. ते अंदाजाने वाढवू नयेत. टायर रिमवर चढवताना साबणाचे पाणी भरपूर लावण्याची आपल्याकडच्या दुकानांत सवय आहे. येथे ते जपून, केवळ कडेला लावायला सांगावे, कारण आत ओल राहिली तर मणी अस्तराला चिकटून बसतात. व्हॉल्व्हची नेहमीची पिन बदलून जाळीची पिन बसवणे अत्यावश्यक आहे. ती पाकिटासोबत येते. नसेल तर मणी घालू नयेत, कारण साध्या पिनेत एक मणी अडकला तरी रात्रभर हवा झिरपत राहते. व्हॉल्व्हच्या टोकावर हवेचा दाब दाखवणारी सेन्सरची टोपी लावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

गाडी वाहनतळातून हळू बाहेर काढताना चाकांतून सळसळ ऐकू येते. ती सात-आठ किलोमीटरच्या वेगाला थांबते, कारण तेथून पुढे मणी पृष्ठभागाला दाबून राहतात. हा आवाज दोष नव्हे. चाचणीआधी मागच्या कपाटातील भांडी, ताटांची मांडणी आणि गॅसच्या शेगडीची जाळी उतरवून ठेवली, कारण मोटरहोममध्ये थरथर कोठून येते आणि खडखडाट कोठून, हे वेगळे ओळखणे कठीण असते. पुढच्या चाकांत मणी असताना ५० पर्यंत फरक जाणवला नाही. ६० ते ७५ च्या दरम्यान अनुभव एकसारखा नव्हता: कधी स्टिअरिंग अगदी शांत, तर कधी एखादा खड्डा, पुलाचा सांधा किंवा टोलनाक्याआधीच्या पांढऱ्या पट्ट्या ओलांडल्या की हातात थरथर सुरू होई आणि बरेच अंतर कापल्यावरच निवळे. धुळ्याकडे जाताना मोकळ्या सपाट पट्ट्यात ८५ च्या पुढे गाडी खरोखर मऊ चालली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पुढे पुन्हा रहदारी आली, वेग ७० वर उतरला आणि थरथरही परत आली. वर सांगितलेले वेगाच्या सीमेचे तत्त्व रस्त्यावर इतक्या स्पष्टपणे दिसेल, अशी माझी अपेक्षा नव्हती.

थरथर मण्यांनी जात नाही म्हणून देवास नाक्याच्या त्या दुकानात पुढची चाके मशीनवर चढवली, तेव्हा एक वेगळीच गोष्ट उघड झाली. डाव्या बाजूच्या रिमची आतली कड वाकलेली होती आणि चाक फिरवताना स्थिर धरलेल्या टोकापासून टायरचे अंतर डोळ्यांना दिसेल इतके कमी-जास्त होत होते. वर्तुळ बिघडलेल्या चाकाचा वजनाशी संबंध नसतो. ते प्रत्येक फेऱ्यात धुऱ्याला उचलून आपटते, आणि आत मणी घाला, भुकटी घाला की बाहेर वजने लावा, ही उसळी तशीच राहते. आतला पट्टा सुटलेला, फुगवटा आलेला किंवा फार दिवस एका जागी उभा राहून तळाला चपटा झालेला टायर यांनाही हेच लागू पडते. मण्यांच्या पाकिटावर हे कोठेही लिहिलेले नव्हते. सर्वसाधारण ग्राहक थरथरीचे कारण न शोधता मणी घालणार आणि एखाद्या सुटत चाललेल्या टायरची सूचना दडपून टाकणार, ही मला या मालाची सर्वांत गंभीर बाजू वाटते. चाक हाताने उचलून फिरवून पाहणे, रिमची कड तपासणे आणि सांधे व बेअरिंगमधला सैलपणा पाहणे याला कोणताही पर्याय नाही.

रिम बदलल्यानंतर मण्यांसह आणि मण्यांशिवाय अशी दोन्ही प्रकारे तुलना केली. मणी काढून, मशीनवर क्लिपची आणि चिकटवायची वजने लावून पुढची चाके समतोल केली, तेव्हा ४० पासून ८५ पर्यंत स्टिअरिंग सारखे शांत राहिले. खड्ड्यानंतरही वजने जागा सोडत नाहीत. मशीन चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंचा हिशेब करते. मण्यांना टायरच्या परिघावर फिरण्यास मोकळीक असली, तरी रुंदीच्या दिशेने धावपट्टीच्या वक्रतेमुळे ते मध्यभागी ओढले जातात आणि चाकाची डावी-उजवी डुलण्याची सवय फारशी सुधारू शकत नाहीत. त्यामुळे स्टिअरिंगच्या चाकांसाठी निर्णय सोपा झाला.

मण्यांच्या जागी भुकटी घ्यावी का, असा प्रश्न काहींनी विचारला आहे. काचेच्या मण्यांत काउंटरअ‍ॅक्ट आणि भुकटीत इक्वल ही नावे परदेशात परिचित आहेत. आमच्या गाडीत यांपैकी कोणतेही नव्हते, म्हणून त्यांच्या गुणदोषांची तुलना करत नाही. भुकटीविषयी केवळ आपल्या हवामानाच्या संदर्भात सांगण्यासारखे आहे. भुकटी पिशवीसकट टायरात टाकायची आणि ती चालताना आपोआप फुटते, ही सोय खरी आहे. पण कोणत्याही बारीक भुकटीचा शत्रू ओलावा असतो. आपल्या रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानांतील कंप्रेसरच्या टाकीत पावसाळ्यात पाणी साचते आणि हवेबरोबर तेच टायरात जाते. हवा भरण्यापूर्वी टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी सोडायला सांगितले, तर दुकानदार आपल्याकडे संशयाने पाहतो, तरीही सांगावे. ओलसर भुकटीचा एकदा गोळा झाला आणि गाडी दोन महिने उभी राहिली, तर तो गोळाच चाकातले नवे जादा वजन होतो. मालमोटार रोज धावते, म्हणून तिच्यात हा धोका कमी. मोटरहोम मात्र धावते थोडी आणि उभी राहते फार.

येथेच विक्रेत्यांचा दुसरा मोठा दावा, म्हणजे टायर झिजत गेला तरी समतोल टिकतो हा, मोटरहोमच्या बाबतीत जवळपास निरर्थक ठरतो. वर्षभर अखंड धावणाऱ्या मालमोटारीच्या टायरची धावपट्टी असमान झिजते आणि नव्या टायरला लावलेली वजने काही महिन्यांत चुकीची ठरतात. तेथे आपोआप जागा बदलणारे वजन उपयोगी आहे. मोटरहोमचा टायर झिजून नव्हे तर वयाने बाद होतो. धावपट्टीवर भरपूर नक्षी शिल्लक असताना बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडतात. टायरच्या भिंतीवर शेवटी चार आकडे असतात; २३२२ असेल तर तो २०२२ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला आहे. सहा-सात वर्षे झालेल्या टायरात मणी घालण्यापेक्षा तो बदलण्याचा विचार करावा. समतोलाइतकेच महत्त्वाचे आणखी एक काम आहे, ते म्हणजे पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि फ्रीज भरलेल्या स्थितीत गाडी धर्मकाट्यावर (मालमोटारी तोलण्याच्या काट्यावर) नेऊन आधी पुढचा धुरा आणि मग पूर्ण गाडी वजन करणे, आणि त्या वजनानुसार टायरमधला दाब ठेवणे. आमच्याकडे मागचा भार अपेक्षेपेक्षा बराच जास्त निघाला. त्यानुसार दाब बदलल्यावर मागच्या भागातील जी डुलकी आम्ही चाकांच्या असमतोलाची समजत होतो, ती बरीचशी गेली.

पंक्चरचा प्रश्न व्यवहारात त्रासदायक आहे. बाहेरून भोकात रबरी बत्ती घालून काम भागत असेल तर थोडेच मणी बाहेर येतात. आतून पॅच लावायचा असेल तर टायर उतरवून सर्व मणी गोळा करावे लागतात, अस्तरावरची धूळ पुसावी लागते, नाहीतर पॅच धरत नाही. आमचा टायर उघडला तेव्हा मणी बहुतेक शाबूत होते, पण आत करड्या धुळीचा पातळ थर होता. महामार्गावरच्या ढाब्याशेजारी रात्री हे समजावून सांगणे सोपे नाही. तेथील मिस्त्री मणी जमिनीवर ओततो आणि मग त्यावरून पाय घसरून सर्वांचीच फजिती होते. पंक्चर बुजवणारे द्रव ज्यांनी आधीच टायरात भरले आहे त्यांनी मणी किंवा भुकटी मुळीच घालू नये. ती त्या चिकट थरात अडकते आणि एकाही गोष्टीचा उपयोग राहत नाही. ट्यूब असलेल्या टायरात मणी घालता येतात असे सांगणारे आहेत, पण व्हॉल्व्हजवळ किंवा रिमच्या पट्टीशी ट्यूब फाटली तर काय होईल, याचा विचार करून मी तो प्रयोग टाळला. टायरमध्ये कोणतीही वस्तू घालण्यापूर्वी टायर कंपनीच्या वॉरंटीच्या अटी वाचून घ्याव्यात, विशेषतः आतल्या अस्तराच्या नुकसानीविषयीच्या.

खर्चाचा हिशेब मण्यांच्या बाजूने लागत नाही. परदेशातून येणारे मणी महाग आहेत; दोन चाकांच्या मण्यांच्या किमतीत देवास नाक्याच्या दुकानात सहाही चाकांचे मशीनवर बॅलन्सिंग होते आणि वर पैसे उरतात. मशीनची वजने रिमवरून कधी निसटतात हे मान्य. पण त्यासाठी प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी रिमच्या कडेकडे एक नजर टाकली तरी पुरते.

मागच्या जोडचाकांतील मणी आम्ही तसेच ठेवले आहेत. आतल्या चाकाला मशीनवर नेण्यासाठी दोन्ही चाके उतरवावी लागतात, मागचा थोडा कंप स्टिअरिंगपर्यंत पोहोचत नाही, आणि जोडचाकांच्या मधल्या फटीत चिखल किंवा दगड अडकून समतोल वारंवार बिघडतो, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर वेग वाढल्यावर तरी तेथे मण्यांचा काही उपयोग होण्यास वाव आहे. हवा तपासण्यापूर्वी व्हॉल्व्हमध्ये हवेचा एक छोटा झोत देतो, म्हणजे जाळीशी आलेले मणी मागे सरतात आणि मापक खरा आकडा दाखवतो. मागचे टायर बदलण्याची वेळ येईल तेव्हा नवे मणी विकत घेणार नाही. शिल्लक राहतील ते गाळून, वाळवून वापरता आले तर तेवढेच घालेन. पुढची चाके मशीनवरच जातील, आणि ज्यांची गाडी ट्रॅव्हलरहून मोठ्या, बसच्या चासीवर बांधलेली आहे त्यांनीही आधी बोल्टच्या भोकांतून पकडणारी चकती असलेले दुकान गाठावे, चाक फिरवून रिम तपासून घ्यावा, आणि त्यानंतरही मणी घ्यावेसे वाटले तर ते मागच्या धुऱ्यापुरते, जाळीच्या पिनेसह घ्यावेत. पाचपैकी गुण द्यायचे तर मालाला दोन, मणी बसवून देणाऱ्या मिस्त्रींना साडेचार. कमी झालेला अर्धा गुण पहिल्या चाकावर नळीवाटे मणी घालण्याचा हट्ट धरल्याबद्दल.